नवीन इंडक्शन घेतलंय? मग सोबत काय घ्यायचं आणि काय नाही

इंडक्शनची ऑर्डर दिली रे दिली की ॲपवर "सोबत हेही घ्या" म्हणून ढीगभर वस्तू दिसायला लागतात. त्यातल्या निम्म्या नाही घेतल्या तरी काही अडत नाही, आणि ज्यावर सगळ्यात आधी पैसे घालायला हवेत ती गोष्ट तिथे नसतेच, ती म्हणजे ओट्याजवळचा धड प्लग पॉइंट.

२००० वॅटची शेगडी फुल्लवर चालवली की पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट खेचते, आणि मोबाईल चार्ज करतो तो छोटा सॉकेट असतो ६ अँपिअरचा. त्यामुळे जाड पिनेला कन्व्हर्टर लावून तिथे घुसवायचं नाही, साधी एक्स्टेन्शन वायर तर अजिबात नको. इलेक्ट्रिशियनला बोलवा, १६ अँपिअरचा पॉइंट करून घ्या आणि आतली वायर तेवढा लोड घेते का तेही बघायला सांगा. अर्धा तास स्वयंपाक झाला की प्लगला बाहेरून हात लावून बघायचा, चटका लागत असेल तर पॉइंट ढिला आहे समजा. आणि घरच्या इन्व्हर्टरवर ही शेगडी चालेल या भ्रमात राहू नका, तो बिचारा पंखे-लाइटसाठी असतो.

आता भांडी. फ्रीजवरचं मॅग्नेट खिशात टाकून दुकानात जायचं, दुकानदार कितीही म्हणू दे "ताई हे चालतं", बुडाला मॅग्नेट घट्ट चिकटलं तरच घ्यायचं. काठाला नाही, मधोमध लावून बघा. तांबं, पितळ, साधं ॲल्युमिनियम, मातीची भांडी नाही चालत, स्टीलचीही बरीच पातेली नापास होतात. बूड सपाट आहे का ते बघायला एक पट्टी आडवी धरली तरी पुरे, खाली उजेड दिसला तर राहू दे. गोल बुडाची कढई गॅसवर कितीही लाडकी असली तरी इथे उपयोगाची नाही.

पूर्ण सेट घेऊ नका. इंडक्शन बेसचा कुकर, जाड बुडाचं एक पातेलं, सपाट बुडाची कढई आणि लोखंडी तवा, एवढ्यात रोजचं भागतं. पातेलं जाड बुडाचंच का, तर स्वस्तातल्या शेगड्या ४०० वॅटवर ठेवल्या तरी बऱ्याचदा मंद चालतच नाहीत, थोडा वेळ जोरात, थोडा वेळ बंद असं करत राहतात. पातळ भांड्यात दूध ठेवलं की ते उसळतं, बसतं, परत उसळतं, आणि आपण तिथेच उभे. कुकरलाही प्रेशर आलं की ८००पर्यंत खाली आणायचं, नाहीतर शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ तशीच टणक. तवा मात्र मध्यम पॉवरवर हळूहळू तापवा, कारण खालची कॉइल मधल्या भागालाच तापवते, मोठ्या तव्याच्या कडा थंड राहतात आणि पोळी मध्ये करपते, कडेला कच्ची.

खरी पंचाईत फोडणीची. आपलं छोटंसं कढलं ठेवलं की शेगडी टीं टीं करून बंद, कारण साधारण १२ सेंटीमीटरपेक्षा लहान बूड बऱ्याच शेगड्यांना कळतच नाही. त्यावर उपाय म्हणजे लोखंडी तवा तापवायचा आणि त्याच्यावर कढलं ठेवायचं, वेळ लागतो पण मोहरी तडतडते. हाच उद्योग करायला "कन्व्हर्टर डिस्क" नावाची चकती विकतात, तिच्यावर कुठलंही भांडं चालतं म्हणतात, आणि चालतंही, पण आधी चकती तापणार मग भांडं, म्हणजे इंडक्शनचा वेग गेला आणि खालची काच उगाच भाजत बसली. मला तरी ती घेण्यात काही अर्थ वाटत नाही. वांग्याचं भरीत आणि फुलका यासाठी जाळ लागतोच, गॅसचा एक बर्नर राहू द्या. नसेलच तर फुलका तव्यावरच कापडाच्या गोळ्याने दाबून फुगवता येतो.

सिलिकॉनची पातळ मॅट घ्यावी का? कुकर, चहा, भाजी उकळणं यासाठी छान, काचेवर चरे पडत नाहीत आणि भांडं सरकत नाही. तळण आणि रिकामा तवा तापवणं यासाठी नको, कारण एवढ्या उष्णतेत ती खराब होते आणि खालच्या सेन्सरलाही भांडं किती तापलंय ते उशिरा कळतं.

काच पुसायला मायक्रोफायबरचं कापड आणि दोन थेंब भांड्यांचं लिक्विड बास, तारेची घासणी नको. साखरेचा पाक सांडला तर मात्र शेगडी लगेच बंद करा, भांडं उचला आणि पाक गरम असतानाच लाकडी उलथन्याने जपून काढा, एकदा थंड होऊन चिकटला की काढताना काचेला खड्डे पडतात.

आणि एक जुना टूथब्रश ठेवा, खालच्या-मागच्या जाळीतली धूळ काढायला. तिथूनच पंखा हवा ओढतो आणि तिथूनच झुरळंही आत शिरतात, उबदार जागा ना. शेगडीखाली पेपर किंवा कापड पसरू नका, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, आणि स्वयंपाक झाल्यावर आतला पंखा आपोआप थांबेपर्यंत मेन स्विच बंद करू नका. घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल तर शेगडी वापरायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या.