ग्रॅनाइटमध्ये बोअर घेताना: जागा ठरवण्यापासून टोपण बसवण्यापर्यंत

मराठवाड्यात बोअर म्हटलं की काळा पाषाण, म्हणजे बेसाल्टच डोळ्यासमोर येतो. लातूर, बीडकडे ते खरंही आहे. 1993च्या भूकंपानंतर किल्लारीत शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतलं, तेव्हा 338 मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर कुठे खाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक लागला. नांदेड जिल्ह्यात देगलूर, बिलोलीकडे मात्र तो जमिनीवरच उघडा आहे, आणि तिथे बेसाल्टचे आडाखे चालत नाहीत. बेसाल्टमध्ये एक थर कोरडा गेला तरी खालच्या थराच्या सांध्यात पाणी लागायची आशा असते. ग्रॅनाइटला असे थरच नाहीत. पाणी असतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि त्याखालच्या भेगांत. खोल जावं तशा भेगा विरळ होत जातात.

म्हणून सगळ्यात आधी जागा. पाणाड्याला बोलवायचं तर बोलवा, पण त्याआधी शेजारच्या चार बोअरवाल्यांकडे जा. पाणी किती फुटांवर लागलं, केसिंग (भोक ढासळू नये म्हणून वरच्या भागात बसवतात तो पाइप) किती गेलं, उन्हाळ्यात मोटर किती वेळ चालते, एवढं विचारून वहीत मांडा. उघडा खडक असलेला माळ टाळा. मुरूम जाड असलेली, नाल्याकडची सखल जागा बघा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. जमिनीत वीज सोडून केलेल्या तपासणीतून कुजलेला थर किती जाड आहे याचा बराच अंदाज येतो.

खोलीही आधीच ठरवा. 2009च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात 60 मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर म्हटलंय, आणि शेतीसाठी तशी विहीर घ्यायला मनाई आहे. 60 मीटर म्हणजे जेमतेम 200 फूट. ग्रॅनाइटमध्ये ही मर्यादा तुमच्या खिशाच्याही भल्याची आहे, कारण खाली जावं तसा फुटाचा दर चढतो आणि पाण्याची शक्यता उतरते. दर, केसिंगचे पैसे, बोअर कोरडा गेला तर काय द्यायचं, हे सगळं बोअरची गाडी यायच्या आधी कागदावर घ्या. भोकात एकाला एक जोडत सोडतात तो रॉड किती फुटी आहे ते विचारा आणि खाली जाणारे रॉड स्वतः मोजा.

काम सुरू झालं की पहिला धोका गोट्याचा. ग्रॅनाइट कुजताना मुरमात मोठमोठे गोल गोटे शाबूत राहतात. रॉडच्या टोकाचा खडक फोडणारा हॅमर गोट्यावर आदळला की आवाज टणक होतो, वेग मंदावतो आणि गाडीवाला म्हणतो, ‘पाषाण लागला, केसिंग टाकू.’ घाई करू नका. आणखी आठ-दहा फूट मारायला लावा. पुन्हा पिवळट मुरूम वर आला तर तो गोटा होता. त्याच्यावर केसिंग टेकवलं तर खालचा मुरूम ढासळतो, बोअर बुजतो आणि हॅमरही अडकू शकतो. केसिंग अखंड खडकात दोन-तीन फूट रुतलंच पाहिजे.

मग भुकटी वाचा. दर रॉडला मूठभर भुकटी घेऊन कागदावर ओळीने मांडा. पिठासारखी बारीक, कोरडी, एकसारखी राखाडी भुकटी म्हणजे अखंड खडक. बोटांत जाडसर खडे लागले, त्यांच्या एका बाजूला तपकिरी गंजासारखा डाग दिसला, तर तिथून कधीतरी पाणी वाहिलंय. म्हणजे भेग जवळ आहे. पण रॉडमागून रॉड तेच कोरडं पीठ येत असेल, तर थांबायचं धाडस दाखवा. ‘अजून पन्नास फूट मारू’ या एका वाक्यात कितीतरी शेतकऱ्यांचा हंगामाचा पैसा गेलाय.

ग्रॅनाइटमधली गारगोटी बिटची, म्हणजे हॅमरच्या खालच्या तोंडाची, टणक बटनं झिजवते, बाहेरच्या ओळीची सगळ्यात आधी. बिट झिजलं की खाली भोक अरुंद होत जातं आणि मग मोटर उतरत नाही. मधेच पूर्ण मापाचं नवं बिट घातलं तर ते अरुंद भोकात फसतं. म्हणून बिट खाली जाण्याआधी त्याचा व्यास मोजून घ्या.

ही भुकटी फुप्फुसाला घातक आहे. तिच्यामुळे होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजारावर इलाज नाही. हवेबरोबर पाणी सोडायला सांगा, वारा भुकटी नेतो त्या बाजूला उभं राहू नका, पोरांना लांब ठेवा.

पाणी लागलं की फवाऱ्याच्या उंचीवर जाऊ नका, कॉम्प्रेसर कितीही उंच उडवतो. वाहतं पाणी नव्वद अंशांच्या व्ही-नॉचमधून, म्हणजे पत्र्याला पाडलेल्या व्ही आकाराच्या खाचेतून, सोडून मोजा. खाचेच्या खालच्या टोकापासून पाण्याची दोन इंच उंची म्हणजे तासाला साधारण 2,900 लिटर.

शेवटी तोंड. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010च्या सूचनांनुसार केसिंगभोवती 30 सेंटिमीटर जमिनीखाली आणि तेवढाच वर असा काँक्रीटचा ओटा हवा, आणि वेल्डिंग केलेलं किंवा नटबोल्टचं टोपण. बोअर कोरडा गेला तर त्याच दिवशी, गाडी शेतातून हलायच्या आत, तळापासून तोंडापर्यंत माती-दगडांनी भरून घ्या.