बेळगावकडून विनिपेगला येणाऱ्यांनो, गाडी घेण्याआधी ब्लॉक हीटर बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं इथे कॅनडात येऊन पहिली जुनी गाडी घेतात तेव्हा टायर बघतात, किलोमीटर बघतात, ब्लॉक हीटरचं, म्हणजे थंडीत इंजिनचा ब्लॉक गरम ठेवणाऱ्या विजेच्या हीटरचं, मात्र कुणी विचारत नाही. साहजिक आहे. आपल्याकडे पारा बारा-तेरावर आला की शेकोट्या पेटतात. विनिपेगला जानेवारीच्या पहाटे उणे 30 ही नेहमीची गोष्ट. त्या थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि ऐन शिफ्टच्या वेळी स्टार्टर नुसता कण्हतो.

तेव्हा सौदा करण्याआधी हीटर शोधा. समोरच्या ग्रिलमधून तीन पिनांचा प्लग बाहेर आलेला असेल तर शोधाशोध संपली. नसेल तर बॉनेट उघडून बॅटरीच्या आसपास, रेडिएटरच्या वरच्या पट्टीजवळ, बंपरच्या मागे हात घाला. केबल टायने बांधून आत सारलेली वायर बऱ्याचदा तिथेच मिळते. काही गाड्यांत हीटर आत असतो, फक्त वायर जोडलेली नसते.

प्लग सापडला म्हणून हीटर चालतोच असं नाही. मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन चपट्या पिनांमध्ये बघा. 120 व्होल्टवर चालणाऱ्या 400 वॉटच्या हीटरला साधारण 36 ओहम यायला हवेत. काहीच आलं नाही तर एलिमेंट गेलाय किंवा वायर तुटलीय. आणि चपटी पिन व अर्थिंगची गोल पिन यांच्यात रीडिंग आलं, तर तो हीटर अजिबात वापरू नका, करंट बॉडीत उतरतोय. मीटर नसेल तर शांत जागी प्लग लावून कान द्या; पाणी तापायला लागल्यावर किटलीतून येतो तसा बारीक आवाज ब्लॉकमधून येतो.

हीटर नसेलच तर बसवता येतो, आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत हात काळे केलेल्यांनी तर घाबरूच नये. ब्लॉक ओतताना आत पाण्याच्या वाटा राहाव्यात म्हणून रेतीचा कोअर घालतात. तो ठेवायला आणि नंतर रेती काढायला ब्लॉकच्या अंगाला गोल भोकं राहतात, ती पुढे पत्र्याच्या खोलगट प्लगने (फ्रॉस्ट प्लग) बंद करतात. हीटर बसतो तो त्यातल्याच एका भोकात. दुकानात फ्रॉस्ट प्लग हीटर मागा आणि मॉडेल, साल, इंजिन नीट सांगा, कारण भोकाचा व्यास तंतोतंत जुळावा लागतो. भोकापर्यंत हातच पोचत नसेल तर खालच्या रेडिएटर होजमध्ये बसणारा हीटर किंवा ऑइल पॅनला चिकटवायचा पॅड मिळतो.

इंजिन पूर्ण थंड असताना कूलंट भांड्यात काढा. तो चवीला गोडसर आणि विषारी असतो, पोरंबाळं, कुत्री-मांजरं जवळ नकोत. पत्र्याच्या प्लगच्या एका कडेवर पंच ठेवून ठोका की तो भोकातच आडवा फिरतो. मग पक्कडीने ओढून घ्या, आत पडू देऊ नका. भोकाची कड एमरीने साफ करा, ओ-रिंगला ग्रीस लावा. एलिमेंट आत कास्टिंगला टेकत नाही ना हे हलवून बघा आणि मगच स्क्रू आवळा. कूलंट भरा, इंजिन चालवून आतली हवा पूर्ण काढा, गळती बघा. हे सगळं झाल्याशिवाय हीटरचा प्लग सॉकेटला लावायचा नाही. कोरड्या ब्लॉकमध्ये एलिमेंट थोड्याच वेळात जळतो. वायर एक्झॉस्ट, फॅन आणि बेल्टपासून लांबून न्या. गाडी वॉरंटीत असेल तर माझं ऐका, काम गॅरेजलाच द्या.

पारा उणे 15 च्या खाली जाणार असेल तेव्हा हीटर लावा. निघण्याआधी दोन तास पुरतात, म्हणून टायमर घ्या. रात्रभर चालवून नुसतं बिल वाढतं. एक्स्टेंशन बाहेर वापरायची, तीन पिनांची, 14 गेज किंवा त्याहून जाड हवी, आणि ती इथेच घ्या. खडेबाजारातून आणलेल्या बोर्डाच्या पिना इथल्या सॉकेटला बसत नाहीत. भाड्याचं घर ठरवतानाच विचारा, पार्किंगच्या जागेला सॉकेट आहे का आणि त्याची वीज हिवाळाभर चालू असते का. असेल तर करारात लिहून घ्या.