दोडका आणि घोसाळे: आधी चाखावे, मगच चिरावे

पावसाळा सुरू झाला की पुण्याच्या मंडईत दोडक्याचे आणि घोसाळ्याचे ढीग दिसू लागतात आणि श्रावणातल्या घोसाळ्याच्या भज्यांपासून ऋषिपंचमीच्या भाजीपर्यंत ही दोन्ही भावंडे घरोघरी शिजतात. दोडक्याला कोकणात शिराळे म्हणतात, तर घोसाळ्याला खानदेशात गिलके. दोन्हींमध्ये ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते, थोडा चोथा असतो आणि उष्मांक अगदी कमी असतात. त्यामुळे वजनाची काळजी घेणाऱ्यांना, मधुमेह्यांना आणि आजारातून उठलेल्यांना ही भाजी सोसते. मात्र ती औषधाची जागा घेत नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे.

निवड करताना मध्यम लांबीचा, हिरवागार आणि आकाराच्या मानाने जड लागणारा दोडका घ्यावा. हातात हलका वाटणारा बहुधा जून निघतो. त्याच्या आत जाळी धरलेली असते आणि पुढे वाळल्यावर तिचाच अंग घासायचा स्पंज होतो. घोसाळ्याला नख सहज रुतले पाहिजे. घरी आणल्यावर फळ वाहत्या पाण्याखाली धुवावे आणि दोडक्याच्या दोन शिरांमधल्या खाचा मऊ ब्रशने घासाव्यात, कारण माती आणि फवारणीचे अंश तिथेच साचतात. शिरांची चटणी करायची असेल तर धुणे सोलण्याआधीच झाले पाहिजे.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि घाईत नेमकी तीच गाळली जाते. प्रत्येक दोडक्याची दोन्ही टोके कापून, देठाकडची आणि मधली अशा दोन बारीक फोडी सालीसकट जिभेच्या टोकाला लावून पाहाव्यात. जराही कडू लागली तर फोड थुंकून टाकावी, चूळ भरावी आणि ते अख्खे फळ फेकून द्यावे. ही चाचणी मोठ्यांनी करावी, मुलांना चाखायला देऊ नये. चारांपैकी तीन दोडके गोड निघाले म्हणून चौथा तसाच चिरू नये, कारण एक कडू फळ सगळी भाजी बिघडवते.

हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. काकडी, दुधी, दोडका या वेलवर्गात ती वेलीच्या संरक्षणासाठी तयार होतात. लागवडीच्या वाणांत त्यांचे प्रमाण नगण्य असते, पण पाण्याचा ताण, कडक ऊन किंवा रानटी कडू वेलीशी संकर झालेले बी यांमुळे ते वाढू शकते. गच्चीवर घरचे बी लावणाऱ्यांनी म्हणूनच अधिक सावध राहावे. ही द्रव्ये शिजवल्याने नष्ट होत नाहीत, आणि मीठ चोळून किंवा गूळ घालून फक्त चव झाकली जाते. कारल्याचा कडूपणा हा त्याचा स्वभाव आहे. दोडक्याचा कडूपणा ही धोक्याची खूण आहे, आणि ‘थोडे कडू पोटाला चांगलेच’ ही समजूत इथे घातक ठरते.

दुधीच्या कडू रसाने झालेल्या विषबाधांचा अभ्यास करणाऱ्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. रस काढण्यापूर्वी तुकडा चाखावा आणि कडू असल्यास टाकून द्यावा, असाच सल्ला त्यात आहे. माझे मत याहून कडक आहे: दोडक्याचा कच्चा रस पिऊच नये, कारण त्यात इतर रस मिसळले की कडू चव लपते आणि एका घोटात बरेच पोटात जाते. कडू भाजी किंवा रस पोटात गेल्यावर मळमळ, उलट्या, जुलाब, पोटात तीव्र दुखणे किंवा चक्कर जाणवली, तर घरगुती उपाय करत न बसता ताबडतोब रुग्णालय गाठावे. उलटीत रक्त दिसल्यास एक क्षणही दवडू नये. या विषावर ठरावीक उतारा नाही, म्हणून वेळेवर मिळणारी शुश्रूषा मोलाची असते.

भाजी सोपी आहे. अर्धा किलो दोडक्यासाठी पाव वाटी मुगाची डाळ अर्धा तास भिजवावी. दोन चमचे तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळद यांची फोडणी करून निथळलेली डाळ परतावी, मग फोडी घालून झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर वाफ आणावी. दोडक्याला स्वतःचेच पाणी सुटते, तेव्हा वेगळे पाणी घालण्याची घाई करू नये. भाजी आळत असल्याने मीठही शेवटी घालावे. गोडा मसाला, गुळाचा खडा आणि दाण्याचे कूट घातले की भाजी पुणेरी चवीची होते. घोसाळ्याची भजी चविष्ट असली तरी तेल बरेच पितात. आरोग्यासाठी खायचे असेल तर हीच वाफवलेली भाजी बरी.

सोललेल्या शिरा टाकू नयेत. थोड्या तेलात त्या कुरकुरीत होईपर्यंत मंद आचेवर परतून तीळ, सुके खोबरे, लसूण, तिखट आणि मीठ घालून भरड वाटाव्यात. शिरा जराही ओलसर राहिल्या असतील, तर ही चटणी फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावी.