ड्यूटीवर मृत्यू झालेल्या जवानाचे कागद कसे लावावेत

फौजेत बावीस वर्षं क्लार्क होतो. आता ग्वाल्हेरला लष्करात राहतो. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथे पडला, म्हणून या भागाचं नावच लष्कर. ओळखीतल्या मराठी घरात जवान मुलगा गेला की त्याची बायको किंवा वडील पिशवीभर कागद घेऊन माझ्याकडे येतात.

मृत्यू कसा झाला, हे आधी नेमक्या शब्दांत लेखी मिळवा. आपण शहीद म्हणतो. फाइलमध्ये ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाईत किंवा मोहिमेत गेलेला) किंवा ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ (इतर कारणाने गेलेला) असतं. ड्यूटीवर सरकारी गाडी उलटली, विजेचा धक्का बसला, तर पेन्शनसाठी ती श्रेणी ‘सी’: स्पेशल फॅमिली पेन्शन, शेवटच्या पगाराच्या 60 टक्के. शत्रूशी लढताना गेला तर श्रेणी ‘ई’, तिथे 100 टक्के. आणि हे घरच्यांना कुणी सांगत नाही: बॅटल इनॉक्युलेशन, म्हणजे खऱ्या गोळ्या चालवून घेतलेला सराव, त्यात मृत्यू झाला तर तोही ‘ई’मध्येच धरतात. पत्रात नुसतं ‘ट्रेनिंगमध्ये अपघात’ लिहिलं असेल तर गप्प बसू नका. सराव कोणता होता, गोळ्या खऱ्या होत्या का, हे कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या, म्हणजे फौजेच्या अंतर्गत चौकशीच्या, कागदांत असतं. त्याची प्रत युनिटकडे लेखी मागा. नाहीच मिळाली तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका.

पार्थिवाबरोबर युनिटची माणसं येतात. त्या दिवशी कुणाचंच भान ठिकाणावर नसतं, म्हणून एखाद्या काकाला किंवा मामाला वही घेऊन बसवा: सर्व्हिस नंबर, रेकॉर्ड ऑफिसचा (जिथे जवानाच्या नोकरीचे कागद असतात) पत्ता, बरोबर आलेल्या साहेबांचा फोन. मृत्यूचा दाखला जिथे मृत्यू झाला तिथला लागतो. त्याच्या चार-पाच प्रती मागून घ्या. पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट आणि रस्त्यावरचा अपघात असेल तर एफआयआरही हवा.

आपल्या घरांत खरी अडचण नावाची. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितो, कौतुकाने. पुढे आधारवर एक नाव, बँकेत दुसरं, शीट रोलमध्ये, म्हणजे फौजेतल्या सेवेच्या नोंदीत, तिसरं! एका वहिनींचा क्लेम यापायी चौदा महिने अडला. त्या दर महिन्याला एका कार्यालयात जायच्या आणि तिथला बाबू तोच कागद परत मागायचा. शेवटी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र आणि लग्नाच्या पार्ट टू ऑर्डरची (लग्नाची फौजेतली अधिकृत नोंद) नक्कल जोडली, तेव्हा काम झालं. नवऱ्याचं नाव त्या खिडकीवर चौदा वेळा सांगावं लागलं त्यांना.

पानिपतानंतर पेशव्यांना निरोप गेला म्हणतात: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. त्या खुर्द्यात आमच्यासारख्यांचे खापरपणजे होते. फाइल उघडताना मला ती ओळ दर वेळी आठवते.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद करा. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा क्लेम वेगळा असतो, तो विसरू नका.

आणि मुलगा सध्या सुट्टीवर घरी असेल तर आजच विचारा: किंड्रेड रोलमध्ये, म्हणजे घरच्या माणसांच्या नोंदीत, बायकोचं नाव कसं लिहिलंय? नॉमिनी कोण? आईला वाईट वाटेल म्हणून हा प्रश्न टाळतात. जेवणं झाल्यावर, दोघींच्या समोर, आधार कार्ड हातात घेऊन विचारा.