सीलपॅक कॅमेरा विकताय? बिल आणि वॉरंटीच्या या चुका टाळा

डबा उघडलाच नाही म्हणजे वॉरंटी अजून सुरू झालेली नाही, असं धरून चालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वॉरंटीची मुदत साधारणपणे पहिल्या ग्राहकाच्या बिलाच्या तारखेपासून मोजतात. 2 वर्षांची वॉरंटी असलेला कॅमेरा 15 महिने कपाटात पडून राहिला, तर नव्या मालकाच्या वाट्याला 9 महिनेच येतात. म्हणून जाहिरातीत ‘2 वर्षं वॉरंटी’ लिहू नका. बिलाची तारीख लिहा.

दुसरा घोळ सिरीयल नंबरचा. सर्व्हिस सेंटर बिल आणि वस्तू यांचा मेळ नंबरावरून घालतं, पण ऑनलाइन खरेदीच्या बिलावर बऱ्याचदा फक्त मॉडेलचं नाव असतं. बिलात नंबर नसेल तर दुकानदाराकडून तो लिहून, सही-शिक्का घेऊन ठेवा. दुकान बंद झाल्यावर हे काम होत नाही. बॉडीचा आणि लेन्सचा नंबर वेगळा असतो. किटमधली, म्हणजे बॉडीबरोबर एकाच डब्यात आलेली, लेन्स सुटी विकली की बिल बॉडीबरोबर जातं आणि लेन्स घेणाऱ्याच्या हातात पुरावाच उरत नाही; त्यालाही बिलाची प्रत द्या आणि विक्रीच्या पावतीवर दोन्ही नंबर टाका.

थर्मल कागदावरचं बिल काही महिन्यांत फिकं पडतं. आजच स्कॅन करा. जाहिरातीत बिलाचा फोटो टाकताना पत्ता आणि फोन नंबर झाका. सौदा ठरल्यावर मात्र खरेदीदाराला पूर्ण बिल दिसलं पाहिजे: बिल क्रमांक, तारीख, दुकानाचा जीएसटी क्रमांक.

वॉरंटी दुसऱ्याच्या नावावर जाते का, हे कंपनीगणिक बदलतं. काही वॉरंटी कार्डांवर ‘मूळ खरेदीदारालाच लागू’ असं स्पष्ट छापलेलं असतं. नोंदणी केल्यावर मिळणाऱ्या जादा मुदतीच्या अटी तर वेगळ्याच. विकण्याआधी सिरीयल नंबर सांगून कंपनीच्या ग्राहकसेवेकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या. फोनवरचं आश्वासन पुढे कामाला येत नाही.

परदेशातून आणलेला किंवा ग्रे मार्केटचा, म्हणजे कंपनीच्या अधिकृत आयातदाराला वगळून आलेला, माल असेल तर तसं सांगूनच विका. भारतातलं सर्व्हिस सेंटर त्यावर वॉरंटी नाकारू शकतं. अधिकृत आयातीच्या डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं लेबल असतं. त्याचा स्पष्ट फोटो द्या.

बिल व्यवसायाच्या जीएसटी क्रमांकावर असेल आणि इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं असेल, तर ही विक्री खासगी राहत नाही, करपात्र ठरते. विकण्याआधी सीएला विचारा. पुन्हा विकण्यासाठीच माल घेणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं: ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे पुनर्विक्रीसाठी खरेदी करणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. डब्यात बिघडलेला पीस निघाला तर ग्राहक आयोगाचा दरवाजा तुमच्यासाठी बंद.

सौदा होताना साध्या कागदावर तारीख, मॉडेल, सगळे सिरीयल नंबर, रक्कम, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि दोघांच्या सह्या घ्या. ‘सील उघडलेलं नाही’ किंवा ‘तपासणीसाठी उघडलं’, यातलं जे खरं असेल ते त्यात लिहा. तपासायला उघडलाच असेल, तर पुन्हा चिकटपट्टी लावून सीलपॅक म्हणू नका.

आणि कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात लेन्स डब्यातच ठेवलेली असेल, तर आत बुरशी धरू शकते, आणि बुरशी सहसा वॉरंटीत बसत नाही. खरेदीदारासमोर टॉर्च मारून काच दाखवा.