भोंग्याचा ग्रामोफोन घेण्याआधी

मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर काय किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात काय, लखलखीत पितळी भोंग्याचा ग्रामोफोन नजरेत भरेल असाच मांडलेला असतो. यातले बरेचसे गेल्या काही दशकांत जुळवलेले. आतली चावीवर चालणारी मोटर मोडीत निघालेल्या पेटी-ग्रामोफोनची, पेटी नवी, भोंगा नवा. दिवाणखान्यात शोभेला ठेवायचा असेल तर खुशाल घ्या, पण पैसे शोभेच्या वस्तूचेच द्या.

आधी भोंग्याकडे बघूच नका, पेटी बघा. तबकडी जिच्यावर फिरते ती मधल्या खिळ्यावरची थाळी दोन्ही हातांनी सरळ वर उचलली की बहुधा निघून येते. खालच्या फळीवर कामाची नसलेली, बुजवलेली भोकं दिसली तर ती मोटर दुसऱ्या पेटीतून आलेली आहे. स्क्रूंची डोकी बघा. एका खाचेचा स्क्रू जुना असू शकतो. अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले, त्यामुळे १९१५ सालचा म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रात ते मुळातले नसणार. पेटीच्या आत नाक घाला. खऱ्या जुन्या पेटीत मोटरखाली तेलाचे काळे डाग मुरलेले असतात आणि जुन्या ग्रीसचा वास येतो. ताज्या पॉलिशचा वास आला तर समजून जा.

नावाच्या पट्टीवर कोरलेल्या सालाला भुलू नका. कुत्रा आणि ग्रामोफोनचं ते चित्र फ्रान्सिस बरोच्या हातचं, आणि ग्रामोफोन कंपनीने ते १८९९ मध्ये विकत घेतलं. त्याच्या शेजारी १८९० कोरलेलं असेल तर पुढे बोलायची गरज नाही. पाकळ्यांचे मोठे भोंगे त्या काळी बहुधा रंगवलेल्या पत्र्याचे असत. रंग उडालेला, कडेला थोडा चेमटलेला पत्र्याचा भोंगा म्हणूनच आरशासारख्या पितळेपेक्षा भरवशाचा.

आता चावी. आठ-दहा फेरेच द्या आणि हाताला काय लागतं ते बघा. ताण हळूहळू वाढला पाहिजे. चावी कितीही फिरवली तरी ताण येत नसेल तर बहुधा स्प्रिंग तुटलेली. ताण येतो, पण थाळी फिरताना मधेच आतून 'धप्प' असा आवाज होतो, तेव्हा स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस वाळून गुळाच्या ढेपेसारखं झालेलं असतं. गुंडाळ्या एकमेकींना चिकटतात आणि एकदम सुटतात. हा दोष दुरुस्त होतो, तेवढी किंमत पाडून मागा.

वेग मोजायला तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अर्धी बाहेर ठेवा आणि तबकडी वाजत असताना मोजा: तीस सेकंदांत ३९ फेरे म्हणजे मिनिटाला ७८. सूर लाटांसारखा वरखाली होत असेल तर गव्हर्नर, म्हणजे मोटरचा वेग एकसारखा राखणारा भाग, बघायचा. त्यावर पातळ पट्ट्यांना शिशाचे तीन गोळे असतात. एखादी पट्टी मोडली किंवा वेग आवरणारी नमद्याची गादी कोरडी पडली की असं होतं.

साउंडबॉक्स, म्हणजे पिन आणि थरथरणारा पडदा असलेली गोल डबी, हा खरा जीव. पिन बसवून तिच्या टोकावरून बोट अलगद फिरवा, भोंग्यातून खरखर मोठी आणि स्वच्छ यायला हवी. दबका किंवा झणझणणारा आवाज आला तर पडद्याभोवतीचं रबर दगड झालेलं आहे. अभ्रकाचा पडदा उजेडासमोर धरला की पापुद्रे सुटलेले दिसतात. साउंडबॉक्सची पाठ जस्ताच्या मिश्रधातूची असेल तर बारीक भेगा शोधा. हा धातू काळानं फुगतो, तडकतो, आणि त्यावर इलाज नाही. शेवटी आर्म, म्हणजे साउंडबॉक्स धरणारी नळी, आत वळवा. पिनेचं टोक मधल्या खिळ्यापाशी किंवा किंचित पुढे पोचलं पाहिजे. बरंच अलीकडे थांबलं तर आर्म कुठल्या तरी दुसऱ्याच यंत्राचा आहे, आणि तो तबकड्या खाईल.

निव्वळ ऐकायला हवा असेल तर भोंग्याचा नाद सोडा, एचएमव्ही १०२ ही काळी सुटकेससारखी पेटी शोधा. १९३१ पासून बरीच वर्षं निघाली, भोंगा पेटीतच लपवलेला, आणि आवाज बाजारातल्या जुळवलेल्या भोंग्यांपेक्षा कितीतरी भरीव.

घरी आणल्यावर स्प्रिंगचा डबा स्वतः उघडू नका. आतली पोलादी पट्टी उसळली तर बोटं फाडते. मोटर काढण्याआधी थाळी आपणहून थांबेपर्यंत फिरू द्या. ताण असताना गव्हर्नर सोडवला तर चाकांचे दात जातात. धुऱ्यांना शिलाई मशीनचं तेल, स्प्रिंगला ग्रॅफाइट ग्रीस. खोबरेल अजिबात नको, थंडीत गोठतं.

तबकडीच्या एका बाजूला पोलादी पिन एकच, दुसऱ्या बाजूला नवी. ही काटकसर करायची जागा नव्हे. लाखेच्या तबकडीत दगडाची पूड असते, ती पिनेला घासून खाचेच्या आकाराची करते. तीच पिन दुसऱ्यांदा लावली की धारदार कडेनं खाच कोरत जाते. आणि प्लास्टिकची एलपी यावर एकदाही लावू नका, साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या पुढे असतं.

तबकड्या मडकं वाजवून घेतो तशा घ्या: मधल्या भोकात बोट घालून लटकत धरा, कडेवर नखानं टिचकी मारा. टण् असा आवाज आला तर अखंड, बद्द आला तर केसासारखी चीर. खाचा करड्या पडल्या असतील तर बालगंधर्वांचं पद असलं तरी ऐकू खरखरच येणार. वडाळ्यात निघालेल्या 'यंग इंडिया'च्या तबकड्या मात्र दिसल्या तर दोनदा बघा, कारण त्यांवर मराठी ध्वनिमुद्रणं बरीच असतात. धुवायला कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब आणि मऊ फडकं पुरे, कागदी लेबल कोरडं ठेवून. स्पिरिट लावलं की लाख विरघळते.

परदेशी न्यायचा बेत असेल तर एक लक्षात घ्या: १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. वय सीमेवरचं वाटलं तर आधी पुरातत्त्व खात्याचा दाखला घ्या. बांधताना पिन काढा, साउंडबॉक्स आणि थाळी वेगळी गुंडाळा, आर्म सुती नाडीनं बांधा, आणि स्प्रिंगचा ताण पूर्ण उतरलेला असू द्या.