2026 चा फुटबॉल विश्वचषक पाहायला जाताना या चुका टाळा

स्पर्धा एक, देश तीन. 2026 च्या विश्वचषकाला जाणाऱ्यांचे बरेचसे घोळ एवढी एक गोष्ट नजरेआड झाल्याने होतात. 11 जून ते 19 जुलै, 48 संघ, 104 सामने आणि 16 यजमान शहरं: अमेरिकेत 11, मेक्सिकोत 3, कॅनडात 2. कागदावर शेजारी दिसणाऱ्या दोन सामन्यांच्या मध्ये सीमा असू शकते, आणि ती ओलांडायची तर कागदपत्रं वेगळी लागतात.

तिकीट हाच व्हिसा समजणं

2018 च्या विश्वचषकाला रशियात फॅन आयडी होतं, 2022 ला कतारमध्ये हय्या कार्ड. ते दाखवलं की देशात प्रवेश मिळायचा. या वेळी तिन्ही देशांना चालेल असं काहीही नाही. सामन्याचं तिकीट हातात असलं तरी व्हिसा नाकारला जाऊ शकतो, म्हणून आधी व्हिसा आणि मग परत न मिळणारे खर्च, हा क्रम मोडू नका.

अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिको वेगळा व्हिसा मागत नाही. कॅनडाबाबत मात्र हे गृहीत धरू नका. तिथले नियम पासपोर्टनुसार बदलतात. सामना पाहायला कॅनडात जाऊन पुन्हा अमेरिकेत यायचं असेल, तर अमेरिकेच्या व्हिसावर एकापेक्षा जास्त प्रवेशांची मुभा आहे का ते पाहा. व्हिसामाफीवर, म्हणजे एस्टा घेऊन, अमेरिकेत येणाऱ्यांना 90 दिवस मिळतात आणि मध्ये मेक्सिकोत किंवा कॅनडात घालवलेले दिवसही सहसा त्यातच मोजले जातात.

सगळ्यात जास्त फसवतो तो ट्रान्झिट. समजा कॅनडातल्या टोरंटोहून मेक्सिकोतल्या ग्वादलाहाराला जायचंय आणि स्वस्त विमान अमेरिकेतल्या डॅलसमार्गे आहे. अमेरिकेत एकही सामना पाहायचा नसला, विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं नसलं, तरी अमेरिकी इमिग्रेशन चुकत नाही. टोरंटो आणि व्हँकुव्हरच्या विमानतळांवर तर ती तपासणी विमानात बसण्याआधीच होते, त्यामुळे व्हिसा नसेल तर प्रवास तिथेच थांबतो. अशा वेळी थोडे जास्त पैसे मोजून थेट विमान घेणं शहाणपणाचं.

शहराच्या नावावर हॉटेल घेणं

स्पर्धेत स्टेडियमची प्रायोजकांची नावं वापरत नाहीत, शहरांची वापरतात. त्यामुळे ‘बोस्टन स्टेडियम’ वाचून बोस्टनच्या मध्यवस्तीत हॉटेल घेतलं जातं आणि स्टेडियम निघतं फॉक्सबरोत, साधारण 45 किलोमीटरवर. ‘सॅन फ्रान्सिस्को बे एरिया स्टेडियम’ सांता क्लारात आहे. तिथून सॅन होजे कितीतरी जवळ. ‘डॅलस स्टेडियम’ आर्लिंग्टनमध्ये आहे आणि त्याच्या दारापर्यंत रेल्वे जात नाही. अंतिम सामन्याचं ‘न्यूयॉर्क न्यू जर्सी स्टेडियम’ न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डला. मॅनहॅटनच्या पेन स्टेशनवरून निघालात तर सिकॉकसला गाडी बदलावी लागते. मेक्सिको सिटीत अझ्टेका स्टेडियम दक्षिण टोकाला आहे: मेट्रोच्या 2 नंबर लाइनने तास्केन्या, तिथून हलकी रेल्वे.

म्हणून आधी नकाशावर स्टेडियम शोधा, मग त्याच्याकडे जाणारी रेल्वे किंवा बस, आणि त्या मार्गावर हॉटेल. 2024 च्या युरो फुटबॉल स्पर्धेला जर्मनीत सामन्याच्या तिकिटावरच 36 तास स्थानिक वाहतूक फुकट होती. ती सवय इथे चालणार नाही. सोय आणि भाडं शहरागणिक वेगळं आहे, आणि विशेष गाड्यांची तिकिटं आधी काढून ठेवावी लागू शकतात.

बाद फेरीचं बुकिंग अंदाजाने करणं

12 गटांतले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकांतले सर्वोत्तम 8 पुढे जातात. तुमच्या संघाने गट जिंकला तर एक शहर, तो दुसरा आला तर दुसरं, आणि तिसरा आला तर कुठे ते सगळे गट संपल्याशिवाय कळतच नाही. गटसामने 27 जूनला संपतात, बाद फेरी 28 ला सुरू. या टप्प्याचं हॉटेल फुकट रद्द करता येईल असंच घ्या.

गेटवर पोहोचून फोन उघडणं

तिकिटं फक्त फिफाच्या अ‍ॅपमध्ये असतात. स्क्रीनशॉट किंवा छापील प्रत चालत नाही. नेहमीचा घोळ असा: चौघांची तिकिटं एकाच्या फोनवर, तो मागे राहिलेला, आणि हजारोंच्या गर्दीत नेटवर्क बसलेलं. प्रत्येकाचं तिकीट आदल्या दिवशीच ज्याच्या त्याच्या खात्यावर पाठवा आणि ते पोहोचलंय हे प्रत्येकाच्या फोनवर उघडून बघा.

दुसरी अडचण ओटीपीची. तिथलं सिम घातलं, घरचं काढून पाकिटात ठेवलं, आणि अ‍ॅपने किंवा ईमेलने नेमका त्याच वेळी घरच्या नंबरवर कोड पाठवला. घरचं सिम फोनमध्येच ठेवून त्यावर एसएमएस येतील एवढं रोमिंग चालू ठेवा, आणि तिथला डेटा ई-सिमवर घ्या. बँकेचे ओटीपीही त्यानेच सुटतात. छोटी पॉवर बँक खिशात हवीच.

तिकीट विकत घ्यायचं राहिलं असेल तर फिफाच्या अधिकृत पुनर्विक्रीच्या बाहेर जाऊ नका. तिथे खरेदीदाराला 15 टक्के शुल्क पडतं, पण तिकीट खरं असतं.

वेळ आणि हवा

मेक्सिकोने 2022 मध्ये उन्हाळी वेळ बंद केली. त्यामुळे जूनमध्ये मेक्सिको सिटी, मॉन्तेरे आणि ग्वादलाहारा डॅलस-ह्यूस्टनपेक्षा एक तास मागे असतात. सामन्याची वेळ नेहमी त्या शहराच्या घड्याळाने वाचा.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे 2240 मीटर उंच आहे. पहिल्या दिवशी डोकं दुखतं, जिना चढताना धाप लागते. सामन्याच्या निदान एक दिवस आधी पोहोचा, पाणी भरपूर प्या, दारू टाळा. मायामी आणि मॉन्तेरेला त्रास उन्हाचा.

 

विजांचं मात्र मनावर घ्या. अमेरिकेत स्टेडियमजवळ वीज पडली की खेळ थांबतो, प्रेक्षकांना आडोशाला जायला सांगतात, आणि शेवटच्या विजेपासून 30 मिनिटं मोजतात. मध्ये पुन्हा वीज पडली की मोजणी पहिल्यापासून. 28 जून 2025 ला क्लब विश्वचषकात शार्लटला चेल्सी-बेनफिका सामना असाच जवळपास दोन तास थांबला, आणि पुढे अतिरिक्त वेळ खेळावा लागल्याने सगळं मिळून साडेचार तासांवर गेलं. त्या रात्रीची शेवटची गाडी किंवा विमान धरून बेत आखू नका. मुक्काम तिथेच ठेवा आणि विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं घ्या.